फुटक्या दिंडाचा वाटा

नागपंचमीला आमच्या घरात चिरायचं नाही, कापायचं नाही, फाडायचं नाही, खणायचं नाही, तवा ठेवायचा नाही आणि काही तळायचं नाही. नागाला इजा होते म्हणतात. म्हणून आदल्या संध्याकाळी सगळ्या बायका बसून दुसऱ्या दिवसाची भाजी चिरून ठेवतात. आदल्या दिवशी नाग गावाला जातो का, असं मी आजवर तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मला चहा मिळाला नाही.

तव्यावरची पोळी नाही, कढईतली पुरी नाही, मग उरतं ते दिंड. कणकेची पुरी लाटायची, मधोमध पुरणाचा गोळा ठेवायचा, चारी बाजूंनी घडी घालून चौकोनी पुडी करायची आणि चाळणीत वाफवायची. खाताना वरून तूप. ज्या दिवशी काही फाडायचं नाही त्या दिवशी दिंडही फुटायला नको, हा त्यातला पोटनियम. फुटकं दिंड कुणाच्या ताटात गेलं तर त्याचं वर्ष खराब जातं म्हणे. तसं एखादं निघालंच तर थोरली वहिनी ते बाजूच्या वाटीत टाकते आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानं स्वतः खाते. वहिनीचं वर्ष खराब गेलं तर कुणाची हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ निघतो. पण तो काढायची आमच्यात पद्धत नाही.

गव्हाच्या कणकेला न फुटणं सोपं असतं. गव्हात जो चिकटपणा आहे, ज्याला ग्लुटेन म्हणतात, तो सगळं धरून ठेवतो. माझ्या मुलीच्या आतड्याला नेमका तोच चालत नाही.

ती आता तेरा वर्षांची आहे. नऊ ते अकरा या दोन वर्षांत तिचं वजन फक्त सातशे ग्रॅम वाढलं. मी दूध संकलन केंद्रात बावीस वर्षं दुधाचं फॅट आणि त्यात पाणी किती ते सांगणारी डिग्री लिहितोय. फॅट तीन पॉइंट पाचवरून तीन पॉइंट चारवर आलं तरी आमच्याकडे माणूस खिडकीवर येऊन भांडतो. इथं पोरीच्या वजनाचा काटा दोन वर्षं हलेना आणि सगळ्या नातेवाइकांकडे त्याचं उत्तर तयार होतं. जंत आहेत. नजर लागली. अभ्यास फार करते. एकानं तर मंचरच्या बाजारातून काळं मीठ घातलेलं कसलं तरी चूर्ण आणून दिलं. त्यानं तिला हगवण लागली, तेव्हा तो म्हणाला, "घाण बाहेर पडतीय, लई चांगलं." शेवटी पुण्याला नेली, नळी घालून आतडं तपासलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की गहू आयुष्यभर बंद. मी विचारलं, किती ग्रॅमपर्यंत चालेल? ते म्हणाले, तुम्ही शून्य लिहा.

शून्य हा आकडा आमच्या नात्यात कुणालाच कळत नाही. 'थोडंसं' हा एकच आकडा त्यांना येतो.

पहिल्या नागपंचमीला आम्ही नेहमीसारखे ओतूरजवळ गावाकडे, थोरल्या भावाच्या घरी गेलो. मुलीसाठी वेगळा भात नेला होता. येडगावहून आत्या आली होती. आत्याचं वय पंचाहत्तरच्या पुढं, आणि शंका तिला उभ्या आयुष्यात कधी आलेली नाही. तिनं मुलीला कोपऱ्यात घेऊन दिंडाचा तुकडा भरवला. "देवाचं हाय, देवाच्या घासानं कुनाचं वाईट व्हतं व्हय?" पोरगी चार दिवस आडवी होती. आत्याला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली की उन्हातून गाडीवर नेली म्हणून बाधलं असेल.

दुसऱ्या वर्षी मुलगी गेलीच नाही. आईबरोबर घरी राहिली. मी एकटा गेलो, सहा दिंडं खाल्ली आणि संध्याकाळी परत आलो. याचा मला अभिमान नाही.

यंदा होळी झाल्यावर ती आपणहून म्हणाली, "पप्पा, मी नागपंचमीला येते. पण सगळ्यांबरोबर पंगतीत बसणार आणि माझ्या ताटात दिंड पाहिजे. भात नको, खीर नको, दिंड. नाही जमलं तर मी तिकडं परत कधीच येणार नाही."

ती तोंडात येईल ते बोलणारी मुलगी नाही. मी वहीत तारीख घातली.

आधी मोबाइलवर पाहिलं. तिथं एक बाई हसत हसत पीठ मळते आणि तिचं काहीही फुटत नाही. त्या बाईनं सांगितलेलं पीठ मॉलमधून मागवलं. पाकिटावर हिरवं पान छापलेलं होतं. पाणी घातल्यावर त्याचा ओल्या चुन्यासारखा गारा झाला. पहिल्या खेपेला बारा दिंडं केली, बाराही फुटली. ते पाकीट मी कोंबड्यांना घातलं. कोंबड्यांनीही अर्धं ठेवलं.

मग इंद्रायणी तांदूळ. आपल्या पश्चिम पट्ट्यात होतो तो, शिजवला की हाताला चिकटतो. तो दळायला गिरणीत नेला. आधी काय दळलं, असं गिरणीवाल्याला विचारलं.

"गहू."

"मग दगड पुसून देता का?"

त्यानं गिरणी बंद केली, कानावरचा रुमाल काढला आणि मला खालून वर पाहिलं. "राव, गव्हाच्या गिरणीत गहू न्हाई दळायचा तर काय मोती दळायचे? पुसतो की. उद्या म्हनाल, दगडाला आंघोळ घाला."

तांदूळ तसाच परत आणला, धुऊन सावलीत वाळवला आणि घरच्या मिक्सरवर वाटून वस्त्रगाळ केला. त्यात साबुदाण्याचं पीठ घातलं. तरी घडीच्या कोपऱ्याला चीर जायचीच. आठव्या प्रयोगाला इसबगोल सापडलं. आपल्याकडे ते पोट साफ व्हायला घेतात. औषधाच्या दुकानात मी तीन महिन्यांत चौथा डबा मागितला, तेव्हा दुकानदारानं आवाज खाली आणून मला पपई खायचा सल्ला दिला.

डब्यातल्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं, हे त्याच शोधात कळलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणजे ज्या आमटीला आम्ही जवळजवळ दोन वर्षं निर्धोक समजत होतो, तिच्यात रोज चिमूटभर गहू जात होता. दुसऱ्यांना हसण्यात मी पटाईत आहे, पण ते लेबल वाचायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली.

अकराव्या प्रयोगाला जमलं; मोजायचो मी, मळायची मुलगी. तांदळाची पिठी दोनशे ग्रॅम, साबुदाण्याचं पीठ चाळीस, इसबगोल आठ, चमचाभर तूप, चवीपुरतं मीठ, कढत पाणी दोनशे सत्तर मिली. झाकून वीस मिनिटं. मग चाळीस ग्रॅमचा गोळा दोन प्लास्टिकच्या मध्ये ठेवून ताटलीनं दाबायचा, पस्तीस ग्रॅम पुरण, घडी, बारा मिनिटं वाफ. नऊपैकी नऊ अखंड. मुलीनं दोन खाल्ली आणि म्हणाली, "गव्हासारखी नाहीत. पण आहेत."

नागपंचमीला सकाळी आम्ही दोघं, मी आणि मुलगी, निघालो. पाठीवरच्या पिशवीत मोदकपात्र, पिठांचे डबे, वजनकाटा, बायकोनं केलेलं वेगळं पुरण, नवी घासणी आणि दाबायच्या प्लास्टिकचे दोन तुकडे. तुकडे आदल्या दिवशीच कापून ठेवले होते. नियम मीही पाळतो.

वहिनी परातीत कणीक मळत होती. मी काटा काढून ओट्यावर ठेवला.

"भाऊजी, काटा पन आनलाय? दिंडं डेरीला घालायचीत का?"

"घालीन. फॅट चांगलं लागलं तर."

"आन ह्ये काय, इसबगोल? अवो, आदी खाऊ तर द्या पावन्यांना, मग साफ करा."

आत्या दारात पाय पसरून वाती वळत होती. तिनं वात वळता वळता जाहीर केलं, "आमी काय गव्हानं मेलो व्हय? माज्या आईनं अकरा बाळंतपनं केली, गव्हावर."

"आत्या, तुझी आई बाजरी खायची. गहू फक्त सणाला मिळायचा, हे तूच सांगितलंय."

"बाजरी काय, गहू काय, धान्यच ना त्ये."

थोरला भाऊ बाहेरून ओरडला, "अगं करू दे त्याला. डिग्रीवाला मानूस हाय, दिंडात पानी किती त्ये सांगंल."

अशा घरात मी ओट्याची एक बाजू पुसून घेतली. पोळपाट घेतला नाही, लाटणं घेतलं नाही. लाकडात पीठ मुरतं. वहिनीला म्हटलं, "एवढ्या दीड फुटात गव्हाचा हात लावायचा नाही."

"न्हाई लावत. सोवळं पाळल्यावानी झालं की तुमचं," ती म्हणाली. पण तिनं परात पलीकडे सरकवली, हे मी पाहिलं.

नऊ दिंडं केली. चार मुलीला, एक नैवेद्याला आणि चार उरलेल्या शहाण्यांना चाखायला, म्हणजे तोंडं बंद होतील. उरलेलं पीठ डब्यात घट्ट झाकून ठेवलं. पण त्या दिवशी हवा कोरडी होती की ओट्यावरचा पंखा लागत होता, कोण जाणे, दोन दिंडांच्या कोपऱ्याला केसाएवढी चीर दिसली. मी मनात म्हटलं, वाफेत मिटेल. ती मोदकपात्रात रचली, झाकण ठेवलं. एवढ्यात भावानं हाक मारली. बायका मुलीला घेऊन वारुळाला लाह्या-दूध घेऊन गेल्या होत्या, आणि पाटावर चंदनाचा नाग काढायला दुसरं कुणी नव्हतं. मी गेलो. नाग काढायला मला सात मिनिटं लागली. परत आलो तर वहिनीनं गॅस पेटवला होता आणि मोदकपात्रातून वाफ येत होती.

"मी ठेवलं चढवून," ती म्हणाली. "तुमची वाट कुटवर बघायची?"

मी घड्याळ लावलं आणि तिचे आभार मानले. आभार मानताना माणसानं नेहमी दोन प्रश्न जास्त विचारावेत.

पंगत बसली. ओसरीवर दोन रांगा, अठरा ताटं. मुलगी चुलत बहिणींच्या मध्ये बसली होती, पाठीचा कणा ताठ. वहिनी वाढत आली. सगळ्यांना तपकिरी दिंडं आणि मुलीच्या ताटात दोन पांढरी. वर तूप सोडलं. "खा गं माजी बाय. तुज्या बापानं तीन महिने लावलेत."

मी समोरच्या रांगेत होतो. मुलीनं दिंड उचललं, तोंडाजवळ नेलं आणि थांबवलं. उलटं करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पप्पा, याला टाके कशाचे घातलेत?"

पांढऱ्या कोपऱ्यावर बोटभर लांबीचा तपकिरी पट्टा होता. गव्हाची ओली कणीक, अंगठ्यानं नीट दाबून बसवलेली. सुबक काम होतं.

मी ताट उचललं. "वहिनी, हे काय आहे?"

"काय म्हंजे? उकललं व्हतं. दोन उकलली व्हती, मी सांदली. एवडीशी कनीक लावली."

"कणीक लावली."

"मग काय डिंक लावू?"

"दीड फूट सांगितलं होतं तुम्हाला! बारा वेळा सांगितलं, शून्य म्हणजे शून्य! हातभर लांब दवाखान्याची फाइल तुमच्यापुढं वाचली. या घरात शिकलेलं कुणी आहे का, की सगळे नुसते आत्याचे भाचेच?"

वहिनीच्या हातात तुपाची वाटी होती. तिनं ती खाली ठेवली. ओरडली नाही, आवाज उलट बारीक झाला.

"आजच्या दिवशी पोरीच्या ताटात फुटकं दिंड वाढू? दोन वर्सं ती आजारी हाय. आनिक एक वर्स मी तिच्या नावानं फोडू? तुमच्या काट्याला ह्ये कळतं का, भाऊजी?"

मी आणखी ओरडलो. म्हणालो, ही तुमची भोळी माया नव्हे, हा अडाणीपणा आहे, आणि मायेनं मारलं तरी माणूस मरतंच. बोललो ते खरं होतं. पण खरं बोलायला चव लागते, ती मला नाही.

भाऊ म्हणाला, "सात दिंडं हायेत की चांगली. ती दे." मी सांगितलं, ती याच दोन दिंडांना चिकटून एकाच भांड्यात वाफवली आहेत. कुणालाही ते पटलं नाही. "लईच झालं बाबा," असं कुणीतरी पुटपुटलं. भावानं नमस्कार केला आणि पंगतीनं हात घातला. सण कुणासाठी थांबत नाही, विशेषतः भूक लागल्यावर.

मुलगी रडली नाही. रिकाम्या जागेपुढं मांडी घालून तशीच बसून राहिली. शेजारची चुलत बहीण म्हणाली, "आत चल ना." ती म्हणाली, "मी इथंच थांबते." आता ती उठली असती तर पुढच्या वर्षी आली नसती. हे मला कळत होतं आणि माझ्या मागोमाग आत आलेल्या वहिनीलाही कळलं असावं.

झाकलेल्या डब्यात पीठ होतं. हात न लावता चमच्यानं काढलेलं, उरलेलं पुरण होतं. मोदकपात्र मी नव्या घासणीनं तीनदा घासलं. पण दाबायच्या प्लास्टिकवर वहिनीनं कणकेची परात ठेवली होती. दुसरं प्लास्टिक म्हणजे माझ्या पिशवीतली न वापरलेली एक लांबट पिशवी. ती उघडून सपाट करायला हवी होती. कात्री, सुरी, विळी, सगळं आदल्या रात्री कपाटात कुलूपबंद झालेलं. मी पिशवी हातात घेऊन उभा राहिलो. वहिनीच्या घरात, वहिनीसमोर, एवढं बोलून झाल्यावर, आता तिच्या नागाचा नियमही मोडायचा?

वहिनीनं कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. एकदा. मी पाहत होतो म्हणून दुसऱ्यांदा. लुगड्याला न पुसता हात तसेच वर धरून ती आली, माझ्या हातातून पिशवी ओढली आणि टर्रकन फाडली.

दारातून आत्या ओरडली, "अगं अगं! काय केलंस ह्ये? आजच्या दिवशी?"

"फाडली," वहिनी म्हणाली. "नागाला सांगा, माज्या नावावर लिव्ह." मग माझ्याकडे वळून, "बघत काय बसलाय? दाबा. पीठ वाळतंय तुमचं."

पीठ वाळलंच होतं. चिमटीत धरलं की भुगा सुटत होता. मी मोजून दहा मिली पाणी घालायला निघालो, तेवढ्यात तिनं बोटं कढत पाण्यात बुडवून पिठाला लावली आणि ते मळून घेतलं. "कोरडं मळलंय. दोनशे सत्तर म्हनं. पिठाला काय वाचता येतं?" दोनच दिंडं होण्याएवढा वेळ होता. बारा मिनिटं मी घड्याळ धरलं, ती भांड्याकडे पाहत राहिली.

झाकण काढलं. एकाला कोपऱ्यात बारीक चीर. दुसरं मधोमध उकललेलं, पुरण बाहेर आलेलं.

तिनं दोन्ही ताटलीत घेतली आणि बाहेर गेली. पंगतीचं ताक चाललं होतं. कमी फुटलेलं दिंड मुलीपुढं ठेवलं. "चीर हाय बरं का त्याला. चालंल?"

"कणीक नाहीये ना?"

"न्हाई. तुज्या बापानं पहारा केलाय."

मग वहिनी मुलीशेजारी, पंगतीत, जमिनीवर बसली. आमच्या घरात वाढणारी बाई पहिल्या पंगतीत बसलेली मी याआधी पाहिली नव्हती. दुसरं, उकललेलं दिंड तिनं आपल्यापुढं ठेवलं. आत्या काही म्हणणार होती. वहिनीनं तिच्याकडे न पाहताच सांगितलं, "फुटकं माझंच असतंय, आत्याबाई. नवीन काय हाय त्यात?"

दोघींनी खाल्लं. मुलगी हळूहळू, कोपऱ्यापासून. वहिनी दोन घासांत.

"कसंय?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"गिळगिळीत," वहिनी म्हणाली. "आन मीठ कमी."

चार दिवस मी मुलीचं वजन आणि ताप वहीत लिहिला. काही झालं नाही. पाचव्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. माझ्याशी बोलायचं नव्हतं, पण फोन मी उचलला.

"पोट बरं हाय का तिचं?"

"बरं आहे."

"गौरीला येनार का म्हनती?"

"येते म्हणाली."

"मग त्या पिठाचं सांगा. आमी इथंच तांदूळ वाटून ठिवतो. हिंग पन दुसरा आनलाय, खड्याचा."

मी वही उघडली. "लिहून घ्या. पिठी दोनशे ग्रॅम, साबुदाणा चाळीस, इसबगोल..."

"त्ये नगा सांगू. मळल्यावर हाताला कसं लागाया पायजे, त्ये सांगा."

मी वहीची अकरा पानं उलटली. प्रत्येक पानावर ग्रॅम होते, मिली होते, मिनिटं होती, किती फुटली आणि किती राहिली ते होतं. ती विचारत होती ते एकाही पानावर नव्हतं.

"भाऊजी? हाय का फोनवर?"

मी फोन मुलीकडे दिला.